अडकलेला बोल्ट आणि गोल झालेला स्क्रू: घरी मोटारसायकल उघडताना कोणत्या क्रमाने जावे

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळाभर फिरलेल्या मोटारसायकलचे क्लच कव्हर दिवाळीच्या तोंडावर उघडायला बसले, की गाडीने चार महिने काय सोसले ते पहिल्या दोन-तीन स्क्रूंमध्येच कळते. स्क्रूच्या डोक्याभोवती लाल माती सिमेंटसारखी बसलेली असते, ती खरवडली की खाली पांढरी भुकटी लागते, आणि ड्रायव्हर लावून जोर दिला की स्क्रू फिरण्याऐवजी ड्रायव्हरच खाचेतून उसळून वर येतो. त्या क्षणी हात थांबला तर काम अर्ध्या तासाचे राहते. आणखी दोनदा तसाच जोर लावला तर खाचेच्या कडा उडतात, स्क्रू गोल होतो आणि तेच काम दोन दिवसांवर जाते.

मी गेली बरीच वर्षे घरच्या गाड्यांची कामे घरीच करतो. अडकलेला बोल्ट काढताना कोणता उपाय करावा यापेक्षा तो कोणत्या क्रमाने करावा हे जास्त महत्त्वाचे आहे, अशी माझी पक्की खात्री झाली आहे. हातातला उपाय फसला तरी पुढच्या उपायासाठी बोल्टचे डोके, आटे किंवा निदान सरळ भोक शिल्लक राहिले पाहिजे. खाली दिलेला क्रम याच विचाराने लावला आहे.

आधी कारण ओळखावे

आपल्याकडे दिसणाऱ्या अडकलेल्या बोल्टचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि तिघांवरचे उपाय सारखे नाहीत.

पहिला प्रकार लोखंडात लोखंड गंजण्याचा. सायलेन्सरचे स्टड (डोके नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे), फुटरेस्टचे बोल्ट, चेन ॲडजस्टरचे नट यांत तो आढळतो. तिथे तांबूस-तपकिरी गंज दिसतो आणि भेदक तेल (गंजलेल्या आट्यांत शिरणारे पातळ तेल), ठोके व धीर यांनी बहुतेक वेळा काम होते. चिकोडी-निपाणीकडे उसाच्या शेतातून चिखल तुडवत जाणाऱ्या गाड्यांचे चेन ॲडजस्टर याच कारणाने जाम होतात.

दुसरा प्रकार ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या लोखंडी स्क्रूचा. क्रँककेस, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, हेड हे सगळे ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादी असतात. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की झिज ॲल्युमिनियमची होते आणि तिच्यातून वर सांगितलेली पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे आटे आतून आवळले जातात. पावसात रोज भिजणारी गाडी आणि चोर्ला घाटातून गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा कारवारकडे जाऊन खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी, या दोन्हींत हा प्रकार अधिक दिसतो. इथे तेल हळू शिरते. खरा गुण उष्णतेचा येतो.

तिसरा प्रकार माणसाने केलेला असतो. लांब दांड्याने गरजेपेक्षा जास्त आवळलेला ऑइलचा (इंजिनातले तेल सोडायचा) बोल्ट किंवा लॉकिंग द्रव, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा गोंद, लावून बसवलेला डिस्कचा बोल्ट हे त्यात येतात. आट्यांवर निळा किंवा लाल वाळलेला थर दिसला, तर तेल ओतून उपयोग नाही, कारण तो गोंद तेलाने सुटत नाही, उष्णतेने मऊ पडतो.

पाना लावण्याआधी

गाडी मेन स्टँडवर, सपाट जमिनीवर घ्यावी आणि स्टँडखाली फळी ठेवावी. मऊ जमिनीत जोर लावताना गाडी कलंडली तर बोल्ट बाजूलाच राहतो. नंतर वायर ब्रशने बोल्टभोवतीची माती काढावी आणि खाचेच्या तळाशी बसलेला गाळ दाभणाने टोकरून बाहेर काढावा. हे काम क्षुल्लक वाटते, पण खाचेत अर्धा मिलिमीटर माती राहिली तरी ड्रायव्हर तेवढा वर बसतो आणि त्याची पकड फक्त वरच्या कडांवर राहते. माझ्या पाहण्यातले निम्मे स्क्रू गंजाने नव्हे, या मातीने गोल झाले आहेत.

फुलीच्या स्क्रूंबाबत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जपानी घडणीच्या गाड्यांवर, म्हणजे १९८५ ते १९९६ या काळात इथे विकल्या गेलेल्या आणि आमच्या भागात अजून जिवापाड जपलेल्या आरएक्स १०० सारख्या गाड्यांवर, जी फुली असते ती नेहमीच्या फिलिप्स फुलीची नसते. ती जपानी मानकाची, जेआयएस फुली असते आणि तिच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका कोरलेला असतो. फिलिप्स ड्रायव्हरचे टोक तिच्यात तळापर्यंत टेकत नाही, म्हणून तो जोर लावताच वर चढतो. जेआयएस टोकाचा, २ आणि ३ नंबरचा ड्रायव्हर वेगळा विकत घ्यावा. आमच्याकडच्या सगळ्या हत्यारांत पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोगी पडलेले हत्यार हेच आहे.

षटकोनी डोक्याला सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरावी. बारा कोनांचा रिंग पाना रोजच्या कामाला चांगला असला तरी तो डोक्याच्या कोपऱ्यांवर पकडतो. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर दाब देते आणि घट्ट बोल्टला तीच हवी. दोन्ही बाजूंनी उघड्या तोंडाच्या पान्याने अडकलेला बोल्ट कधीही सोडवू नये. मापाचाही गोंधळ होतो: ६ मिमीच्या बोल्टला गाडीप्रमाणे ८ किंवा १० चा पाना लागतो, ८ मिमीच्या बोल्टला सहसा १२ किंवा १३ चा. जुन्या बुलेटवर काही ठिकाणी इंची नट असतात. तिथे मिलिमीटरचा पाना थोडा ढिला बसतो आणि त्या थोड्यानेच डोके गोल होते. ॲलन बोल्टसाठी, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टसाठी, गोल टोकाची चावी फक्त सैल बोल्ट फिरवण्यापुरती असते. पहिला झटका सपाट टोकानेच द्यावा.

फिरवण्याची दिशाही आधी मनाशी पक्की करावी. बहुतेक बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. मात्र यामाहाच्या अनेक गाड्यांवर उजव्या हाताच्या आरशाचे आटे उलटे असतात आणि तो आरसा ‘सोडवताना’ आवळून तोडलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

तेल, ठोके आणि उष्णता

आता खऱ्या कामाला सुरुवात करावी. आट्यांच्या तोंडाशी भेदक तेल सोडावे आणि थांबावे. बाजारात सर्वत्र मिळणारी डब्ल्यूडी-४० ची फवारणी मुळात पाणी हटवण्यासाठी बनवली गेली. गंज सोडवण्याला ती चालते, पण खास भेदक तेल जास्त खोल जाते. शेतावर काम करणारे डिझेल किंवा घासलेट टाकतात. तेही चालते, फक्त त्याला रात्रभराचा वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी तेल, झोपण्याआधी पुन्हा तेल आणि सकाळी काम, हा क्रम मला सर्वांत फलदायी वाटतो. तेल डिस्कवर, ब्रेक पॅडवर किंवा ड्रमच्या आत जाणार नाही याची खबरदारी घ्यावी, त्यासाठी आधी तिथे कापड गुंडाळावे.

तेल टाकल्यावर बोल्टच्या डोक्यावर पितळी दांडा किंवा जुना बोल्ट ठेवून हातोडीने दहा-पंधरा मध्यम ठोके द्यावेत. हे ठोके बोल्ट फिरवत नाहीत. ते आट्यांतली गंजाची किंवा भुकटीची पकड तडकवतात आणि तेलाला वाट करून देतात. त्यानंतर पाना लावून बोल्ट आधी घट्ट होण्याच्या दिशेने केसभर हलतो का ते पाहावे. हा सल्ला उलटा वाटतो, पण कोणत्याही बाजूला झालेली पहिली हालचाल पकड मोडते. हलला की सोडण्याच्या दिशेने पाव फेरा, परत थोडा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा असे जावे. बोल्ट सुटायला लागल्यावर पुन्हा जड झाला, तर तो तसाच ओढत नेऊ नये. आट्यांत अडकलेला चुरा आता आटे खरवडतो आहे, असा त्याचा अर्थ होतो.

फुलीच्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्यावा. तो महाग नाही आणि त्याची करामत साधी आहे: ठोका मारला की टोक खाचेत आणखी घट्ट बसते आणि त्याच वेळी आतला तिरका खटका त्याला थोडे फिरवतो, म्हणजे उसळून वर येण्याची शक्यताच राहत नाही. आधी त्याची दिशा सोडण्याच्या बाजूला लावावी, टोक खाचेत बसवून मुठीने त्याच दिशेला पीळ देऊन धरावा आणि साधारण एक किलोच्या हातोडीने एक स्वच्छ, सरळ ठोका द्यावा. अनेक हलके ठोके मारले तर खाच खराब होते आणि फायदा काही होत नाही. पहिल्या ठोक्याला सुटणाऱ्या स्क्रूचा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. तो एकदा कानात बसला की पुढे ओळखता येतो. इंजिनाच्या बारीक कानांवर किंवा कार्ब्युरेटरवर मात्र हे हत्यार चालवू नये, ओतीव ॲल्युमिनियम तडकते.

उष्णतेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. तापमान दर अंशाने वाढते तेव्हा ॲल्युमिनियम लांबीच्या दशलक्षात सुमारे २३ भाग फुगते आणि पोलाद सुमारे १२ भाग. म्हणजे ६ मिमीच्या स्क्रूभोवतीचे कव्हर १०० अंशांनी तापवले तर भोक स्क्रूपेक्षा सहा-सात मायक्रॉन जास्त मोठे होते. हे अंतर माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढेच आहे, पण भुकटीने आवळलेली पकड सुटायला तेवढे पुरते. म्हणून तापवायचे ते भोवतालचे ॲल्युमिनियम, स्क्रू नव्हे.

घरी सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे किटलीभर उकळते पाणी. स्क्रूभोवती जाड कापड गुंडाळून त्यावर ते हळूहळू ओतावे आणि लगेच पाना चालवावा. त्याने भागले नाही तर हॉट एअर गन वापरावी आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र होऊन उडेपर्यंत भाग तापवावा. गॅसची ज्योत मी स्वतः घरी फक्त सायलेन्सरच्या बाजूला वापरतो, तीही पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवल्यावर. ओतीव ॲल्युमिनियम ६०० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधी लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. शिवाय ऑइल सील त्याच्या कितीतरी आधी जळतात. ज्वलनशील तेलाची फवारणी केलेल्या जागी ज्योत नेऊ नये, आणि ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर मुळीच तापवू नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो.

सायलेन्सरच्या स्टडसाठी मेणबत्तीची युक्ती उपयोगी पडते. नट चांगला तापवून त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून पाण्यासारखे पातळ होते आणि तापलेल्या आट्यांत आपणहून ओढले जाते. लॉकिंग द्रवाने बसलेल्या बारीक स्क्रूला उलट थेट डोक्यावर झारकामाची (सोल्डरिंगची) तापलेली लेखणी दोन-तीन मिनिटे धरावी. निळा द्रव सहसा तेवढ्याने सोडतो, लाल द्रवाला मात्र २५० अंशांच्या आसपास उष्णता लागते.

डोके गोल झाल्यावर

डोके घसरू लागल्याचे लक्षात आले की त्याच पान्याने पुन्हा प्रयत्न करू नये. फुलीची खाच नुकती बिघडली असेल, तर व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट हरभऱ्याएवढी खाचेत भरावी, ड्रायव्हर हातोडीने एकदा ठोकून बसवावा आणि मग फिरवावा. पेस्टमधली खर पकड देते. ॲलनची खाच गोल झाली असेल तर तिच्यात किंचित मोठे टॉर्क्स (सहा पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे) टोक ठोकून बसवावे. ५ मिमीच्या खाचेला टी-३० सहसा जमते. षटकोनी डोके थोडेच गोल असेल तर त्याहून किंचित लहान मापाची गोटी, फार तर इंची मापातली, ठोकून बसते का ते पाहावे.

त्याने झाले नाही तर डोक्याची बाहेरची बाजू वापरावी. डोके वर उठलेले असेल तर व्हाइस ग्रिप (पकडून जागीच लॉक होणारी पक्कड) शक्य तितका घट्ट करून लावावा. करवतीच्या पात्याने डोक्यावर खोल खाच पाडून रुंद सपाट ड्रायव्हर इम्पॅक्टवर लावता येतो. त्याहून जुना उपाय छिन्नीचा आहे: डोक्याच्या कडेला आधी सरळ ठोकून एक खूण पाडायची आणि मग छिन्नी तिरपी करून सोडण्याच्या दिशेला ठोकत न्यायचे. आमच्याकडचे जुने मिस्त्री याच उपायाने कव्हरचे सगळे स्क्रू काढतात आणि त्यांचा हात बसलेला असल्याने त्यांना ते साधते. नवख्याने मात्र कव्हरच्या चेहऱ्यावर छिन्नी घसरेल हे गृहीत धरून तिथे पत्र्याचा तुकडा ठेवावा.

एवढ्यावरही स्क्रू हलला नाही, तर कव्हरच्या स्क्रूंसाठी मला सर्वांत खात्रीचा वाटणारा मार्ग म्हणजे डोकेच ड्रिलने उडवणे. ऐकायला हा नाशाचा मार्ग वाटतो, पण त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. स्क्रू जड असतो तो फक्त आट्यांमुळे नव्हे. डोके कव्हरवर दाबून बसलेले असते आणि त्या ताणाने आटेही एकमेकांवर रेटलेले असतात. डोके गेले की तो ताण क्षणात नाहीसा होतो. ६ मिमीच्या स्क्रूवर मधोमध सेंटर पंचने खूण करावी, आधी ३ मिमीचे भोक पाडावे, मग ६ मिमीचे ड्रिल हळू चालवत डोक्याच्या उंचीइतकेच खाली न्यावे. डोके रिंगसारखे ड्रिलवर चढून येते. बाकीचे स्क्रू काढून कव्हर बाहेर घेतले की क्रँककेसमधून स्क्रूचा एक-दोन सेंटिमीटरचा दांडा उभा दिसतो. त्याला तेल आणि थोडी उष्णता द्यावी, व्हाइस ग्रिप लावावा. जो स्क्रू तासभर हलला नव्हता तो पुष्कळदा दोन बोटांच्या जोरावर बाहेर येतो. दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावण्याची पद्धतही अशा दांड्याला, विशेषतः सायलेन्सरच्या स्टडला, चांगली चालते.

तुटून आत राहिलेला बोल्ट

बोल्ट पृष्ठभागाच्या आत तुटला तर घाई सर्वांत महाग पडते, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका स्प्लेंडरच्या हेडमधला सायलेन्सरचा स्टड तुटल्यावर मी त्यात घाईने, मध्य न साधता भोक पाडले आणि त्यात इझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचे उलट्या पिळाचे हत्यार) घालून पिळले. इझी-आउट अतिशय कडक पोलादाचा असतो, म्हणून तो वाकत नाही, तुटतो. तो आत तुटला आणि त्यावर कोणतेही साधे ड्रिल चालेना. शेवटी हेड काढून बेळगावला उद्यमबागेत, तिथल्या औद्योगिक वसाहतीत, घेऊन गेलो. तिथल्या वयस्क टर्नरने ते उजेडाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, “पोरा, आणि किती फिरवणार होतास? मोडलेला स्टड तसाच आणायचा होतास की. आता स्टड राहिला बाजूला, आधी तुझं हत्यार काढायला पाहिजे.” ते तुटलेले टोक स्पार्क इरोजनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर) काढावे लागले. ज्या कामाला सुरुवातीला थोडे पैसे पडले असते, त्याला तिप्पट पडले.

म्हणून आता माझा क्रम असा आहे. तुटलेल्या बोल्टचा वरचा भाग आधी कानशीने सपाट करावा, कारण तिरक्या तोंडावर ड्रिल घसरते. मग भिंगाखाली पाहून मध्यावर पंच मारावा. जमल्यास उलट्या दिशेने कापणारे ड्रिल वापरावे. भोक पडत असताना त्याचा पीळ सोडण्याच्या दिशेनेच असतो आणि कधीकधी बोल्ट ड्रिललाच अडकून वर येतो. इझी-आउट वापरायचाच असेल, तर तो फक्त ताणाने तुटलेल्या बोल्टला वापरावा, गंजून जाम होऊन तुटलेल्या बोल्टला नाही. जो बोल्ट इतका जाम होता की त्याची मान तुटली, तो त्याच्याहून बारीक इझी-आउटला दाद देण्याची शक्यता कमीच.

तुटलेल्या तोंडावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरणे हा उपाय बऱ्याचदा हमखास ठरतो, कारण त्यात पकड आणि उष्णता एकदमच मिळतात. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही हाही फायदा. मात्र हे काम ज्याचा हात रोज वेल्डिंगवर असतो त्याच्याकडून करून घ्यावे आणि त्याआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांत तर ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) कनेक्टरही काढून ठेवावेत. उद्यमबागेत लेथ, मिलिंग आणि वेल्डिंगची कामे करणारी दुकाने आहेत ही आपल्या भागाची मोठी सोय आहे. शक्य असेल तर सुटा भाग काढून, धुऊन, वाळवून तिकडे न्यावा. तेलाने माखलेले अख्खे इंजिन दारात उभे केले तर चांगला कारागीरही नाइलाजाने घाईचे काम करतो.

आटे गेले असतील तर

ऑइलचा बोल्ट आवळताना जड होत होत एकदम हलका झाला, तर आटे गेले. तिथून पुढे एक फेराही देऊ नये. काही जण बोल्टला टेफ्लॉन टेप किंवा दोरा गुंडाळून, काही जण एपॉक्सी पुटी भरून वेळ मारून नेतात. घाटात तो बोल्ट पडला की तेल रस्त्यावर आणि मागच्या चाकाखाली येते, इंजिन तर जातेच. हा धोका पत्करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रथम बोल्ट काढून त्यावर ॲल्युमिनियमची गुंडाळी चिकटली आहे का ते पाहावे. फक्त पहिले एक-दोन आटे चेपले असतील तर त्याच मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) हाताने अलगद घालून ते सरळ होतात. ६ मिमीच्या नेहमीच्या बोल्टचा आटा १ मिमीचा, ८ मिमीचा १.२५ मिमीचा असतो. १० आणि १२ मिमीला मात्र एकाहून जास्त प्रकार आढळतात, म्हणून आटे मोजायच्या पट्टीने खात्री करावी. कव्हरच्या स्क्रूबाबत एक सोपी शक्यता आधी तपासावी: भोक मूळ स्क्रूपेक्षा खोल असेल आणि तळाचे आटे कोरे असतील, तर ५ मिमी लांब स्क्रू तिथे पक्का बसतो.

आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल म्हणजे तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवणे हा योग्य उपाय आहे. स्टेनलेस तारेचे हे आटे नुसत्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकतात. ६ मिमीसाठी साधारण ६.३ मिमीचे ड्रिल आणि किटमधलाच खास टॅप लागतो. नेहमीचा टॅप तिथे चालत नाही. भोक सरळ राहावे म्हणून शक्य तर ड्रिल प्रेसवर, नाहीतर टॅपच्या दोन्ही बाजूंना गुण्या धरून काम करावे. टॅपच्या खोबणींत ग्रीस भरावे म्हणजे चुरा त्याला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे जावे आणि मधून मधून टॅप काढून पुसावा. गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली थांबवावी आणि तिची शेपटी चिमट्याने मोडून बाहेर काढावी, आत ढकलू नये. ऑइलच्या भोकाचे काम झाल्यावर वरून थोडे स्वस्त तेल ओतून ते खालून वाहू द्यावे. उरलासुरला चुरा त्याबरोबर पडतो. ऑइलच्या बोल्टसाठी मोठ्या मापाचा टॅप मारून मोठा बोल्ट बसवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे. भोकाभोवती भरपूर धातू असेल तर ती चालते, पण तो धातू पुन्हा परत येत नाही. म्हणून मी आधी हेलिकॉइलचा विचार करतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र यातले बरेच काही करू नये. कॅलिपरचा ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) सहा कोनांच्या गोटीने आणि थोड्या उष्णतेने सुटला तर ठीक. तुटला तर कॅलिपर जाणकाराकडे न्यावा किंवा बदलावा. एक्सलचे गोल झालेले नट, डिस्कचे आणि कॅलिपर धरणारे बोल्ट एकदा बिघडले की नवे, त्याच दर्जाचे घालावेत. तिथे जुन्या डब्यातला ‘बसतोय की’ असा बोल्ट चालत नाही.

परत बसवताना

कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी खुपसून ठेवावा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तळाशी टेकून केसिंग फोडतो. भोके हवेने फुंकून कोरडी करावीत, कारण बंद तळाच्या भोकात तेल किंवा पाणी राहिले तर स्क्रू पिचकारीच्या दट्ट्यासारखा ते दाबतो आणि तिथेही केसिंगला चीर जाते. भुकटी गेलेल्या आट्यांवर ग्रीसचे बोट फिरवावे, सायलेन्सरच्या स्टडवर तांबेयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावावे, आणि उत्पादकाने सांगितले असेल तिथे निळा लॉकिंग द्रव लावावा. फुलीचे स्क्रू काढलेच आहेत तर त्याच लांबीचे ॲलन बोल्ट घालावेत. स्टेनलेसचे घ्यायचे असतील तर अँटी-सीझ लावल्याशिवाय ॲल्युमिनियममध्ये घालू नयेत.

प्रत्येक स्क्रू आधी बोटांनी सुरू करावा. उलट्या दिशेने हळू फिरवला की आटा आट्यावरून उतरल्याचा बारीक खटका जाणवतो; तिथून सुलट फिरवले की स्क्रू तिरका शिरत नाही. ॲल्युमिनियममधल्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर एवढेच आवळणे लागते, म्हणजे २० सेंमी लांब पान्याच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा भार. ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्या बोल्टपेक्षा त्याच जोरात जास्त आवळला जातो, हे ध्यानात ठेवून हात थोडा आखडता घ्यावा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर टॉर्क पाना घेऊन तोच पाळावा.

सगळे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावेत. मग तेल भरून इंजिन पाच मिनिटे चालवावे, बंद करून थंड होऊ द्यावे आणि रात्री इंजिनाखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी कागदावर तेलाचा डाग असेल तर तो कोणत्या स्क्रूच्या बरोबर खाली पडला आहे ते पाहून तिथून काम पुन्हा सुरू करावे. कागद कोरडा असेल तर गाडी रस्त्यावर काढावी आणि शंभर किलोमीटरनंतर ऑइलचा बोल्ट एकदा हाताखालून तपासावा.